चादरीखालचं चित्र

भिंगरीचं खरं नाव घरातही कोणी घेत नसे. लहानपणी बापाने मारलेली हाक चिकटली ती चिकटलीच, कारण बूड म्हणून एका जागी टेकत नसे तिचं. ती चित्रकार झाली, पण पेन्सिल तिने कधीच सोडून दिली होती. हल्ली सगळेच तसे. तिची एक मैत्रीण हवेत दोरे ताणून रेषा काढायची, एक मित्र मेणबत्तीच्या धुराने कागद काळे करायचा. पेन्सिली एवढ्या महागल्या का गं, असं सासूबाईंनी एकदा अगदी काळजीने विचारलं होतं.

प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि भिंगरीच्या डोक्यात एकच विषय होता, नवऱ्याची चुळबुळ. हा रात्रभर कुशी बदलतो, माझ्या डोळ्याला डोळा लागू देत नाही, असा डांगोरा तिने गावभर पिटला होता. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून द्यायचा. दिवसभर हात स्थिर धरणारा माणूस रात्री वळवळणारच, असं तिचं शास्त्र. मग ती वळवळ त्यालाच काढू दे की! तिने गादीभर कागद अंथरला, त्यावर कार्बन पेपर, वर चादर. आठवडाभर दोघं त्यावर झोपले. चित्र झालं की त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचं, हेही तिनेच ठरवलं होतं. तिकडे पलंग लागला होता. तो नेहमीसारखा हो म्हणाला होता.

रविवारी सकाळी तिने चादर ओढली, कार्बन उचलले आणि बघतच राहिली. त्याची बाजू जवळजवळ कोरी होती. खांद्याचा एक पुसट डाग, कमरेचा एक, बस्स. तिच्या बाजूला मात्र मांजराने लोकरीचा गुंडा पिंजल्यासारखा गोंधळ. टाचांच्या, गुडघ्यांच्या रेषांवर रेषा, कडेपर्यंत जाऊन परत वळलेल्या. आपण बाजू तर चुकलो नाही ना, म्हणून तिने पलंगाला चक्कर मारून पाहिलं. बाजू बरोबरच होत्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, आणि चोर आपण. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन्ही बाजूंच्या मधोमध एक ठिपका होता, कागद फाटायला येईल इतका काळा.

नवरा उशी काखेत मारून दुसऱ्या खोलीकडे निघालाच होता. तिने त्याला थांबवून तो ठिपका दाखवला. काच तपासावी तसा तो वाकून बघत राहिला.

"माझं कोपर असेल," तो म्हणाला. "तू तळमळायला लागलीस की कोपरावर रेलून थोपटतो तुला. मग शांत होतेस."

"रोज?"

"लग्न झाल्यापासून. तुला नाही कळत, तू झोपेत असतेस."

इतके दिवस बोलला का नाहीस, असं तिला विचारायचं होतं. पण चारचौघांत ती त्याची तक्रार करायची तेव्हा हा शेजारी बसून हसत असे, ते तिला आठवलं. तो उशी तिकडे ठेवून कामाला लागला.

दुपारी प्रदर्शनाच्या बाई चित्र बघायला आल्या. तिच्या बाजूच्या रेषा पाहून त्या हरखल्या. ही कोरी बाजू तेवढी कापू, म्हणजे मधला डागही जाईल, असं त्यांनी सुचवलं. भिंगरी खिडकी उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. कुठून कापायचं त्याची खूण करायला बाईंनी पेन्सिल मागितली.

"पेन्सिल नाही आमच्याकडे," भिंगरी म्हणाली. "आणि कापायचंही नाही. चित्र दोघांचं आहे."

बाई काही बोलायच्या आत ती दुसऱ्या खोलीत गेली आणि त्याची उशी उचलून परत आपल्या पलंगावर आणून ठेवली.