प्रीतिभोजनातले कागदी कप

रविवारी सकाळी कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या घरात नीलिमा पुलाव दमाला लावत होती आणि तिचा नवरा शैलेंद्र कागदी कपांचं पाकीट गाडीत ठेवत होता. कप कशाला, हे तिनं विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

त्यांना जायचं होतं ते अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून आलेल्या काळ्या माणसांच्या वंशजांचं मेथॉडिस्ट चर्च. मराठी ख्रिस्ती मंडळीला उपासनेसाठी कुठे हॉल मिळेना, तेव्हा त्यांनीच दार उघडलं होतं. आज दोन्ही मंडळींचं एकत्र प्रीतिभोजन होतं. दोन कानांचा एकच पेला हातोहात फिरवायचा आणि सर्वांनी त्यातलं पाणी प्यायचं, ही मेथॉडिस्टांची जुनी रीत.

शैलेंद्रची आई गंगुबाई मिस व्हर्नाशेजारी बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दर शनिवारी चर्चच्या बेसमेंटमध्ये त्या मिळून गोधडी शिवत. काळ्या मंडळीतल्या या म्हातारीला कॅन्सर होता आणि हे तिचं शेवटचं प्रीतिभोजन, हे सगळेच जाणून होते. व्हर्ना प्यायली. हसून तिनं पेला गंगुबाईंपुढे केला.

शैलेंद्रनं मध्येच हात घातला. "फ्लू सीझन आहे," म्हणत त्यानं मराठी बाकांवर कागदी कप वाटले. काय ही काळजी! नाताळात गोऱ्या पाहुण्या पाळकाचा उष्टा पेला याच गृहस्थानं भक्तिभावानं ओठाला लावला होता. तेव्हा फ्लू कुठे गेला होता?

व्हर्ना कपांकडे बघत राहिली. मग कोट घेऊन निघून गेली. गंगुबाई शरमेनं बाकावरच बसून राहिल्या.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "नीलिमा, फोन लाव तिला. सांग, मला प्यायचं व्हतं."

"काय सांगू, आई? तुमचं उष्टं आमच्याकडे चालत नाही, असं?"

"कायबी सांग, पर लाव गं!"

फोन कुणी उचलला नाही. व्हर्नाकडे जायचं म्हणून गंगुबाई रोज रडत दारापर्यंत जात. "आई, स्नो बघ केवढा! नेक्स्ट वीक नेतो," शैलेंद्र म्हणे. पुढच्या आठवड्यात व्हर्ना गेली.

दफनाहून आल्यावर नीलिमानं चहा दिला. गंगुबाईंनी कप बाजूला सारला.

"माझ्या बापाला गावात वेगळ्या कपात चहा मिळायचा. वळचणीला खोचलेला कप. त्यानंच काढायचा, त्यानंच धुवायचा. मिशनच्या मडमबाईनं आपल्या कपातला चहा त्याला पाजला, म्हणून आपण ख्रिस्ती झालो. त्या एका कपापायी, शैलेंद्र! आन तू?"

"आई, ते वेगळं होतं."

"काय वेगळं व्हतं?"



तेव्हापासून गंगुबाई एकाच कपात चहा पितात, तो स्वतः धुतात आणि दाराबाहेर पोर्चच्या कठड्यावर ठेवतात. शैलेंद्र पाया पडला, रडला. कप आत आणला. त्यांनी तो पुन्हा बाहेर नेला.

काल तो दारापुढचा बर्फ शोव्हल करत होता. कपात बर्फ भरला होता. दारातून त्याची धाकटी मुलगी जाई म्हणाली, "बाबा, व्हाय इज आजीज कप आउटसाइड?"

तो खाली मान घालून बर्फ ओढत राहिला. जाई अजून वाट बघते आहे. तिला उत्तर द्यायला आपल्यातलं कुणी पुढे येईल का?