उजव्या हाताची मान

"महॉगनीच. दुसरं काही दाखवू नकोस," दादा म्हणाला आणि मेपलची फळी त्याने कोपराने बाजूला सारली.

कामाच्या टेबलावर ठकीने तीन फळ्या मांडल्या होत्या. तांबूस महॉगनी, पांढरट मेपल आणि तपकिरी अक्रोड. ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती बाहुल्या सोडून लाकडाचे तुकडे घेऊन बसायची, म्हणून थोरल्या भावाने लाकडी बाहुलीचं हे नाव ठेवलेलं. आता ती पन्नाशीला आली होती, इलेक्ट्रिक गिटार हाताने घडवून देणारी म्हणून तिचं नाव झालं होतं. पण दादाच्या तोंडी ठकीच.

दादाचा जन्म गेला हॉटेलांत आणि समारंभांत गिटार वाजवण्यात. ठकीची प्रत्येक गिटार गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्याच्या मांडीवर बसून जायची. मानेच्या, म्हणजे तारा दाबायच्या दांड्याच्या, पाठीवरून डावा अंगठा एकदा फिरवून तो सांगायचा, "इथे जाड राहिलीय." तिथे ती हमखास जाड निघायची. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला. जीभही सावरली, उलट आधीपेक्षा तिखटच झाली. डावा हात खांद्यापासून उचलता यायचा, पण बोटांची मूठ मिटली ती मिटलीच. रागाच्या भरात त्याने जुनी गिटार एका दोस्ताला देऊन टाकली होती. आणि आज नवी करून मागायला आला होता.

"मान जुनीसारखीच भरीव हवी," तो म्हणाला.

"उजव्या हाताला भरीव मान झेपणार नाही, दादा."

"उजव्याचा काय संबंध?"

दादा उलटी गिटार मागायला आलाय, असंच ठकी धरून चालली होती.

"म्हणजे तारा डाव्यानेच दाबणार?"

"मग काय पायाने? गिटार व्हायला काही महिने लागतीलच ना तुला? तोवर सुटेल हात."

तो खिडकीपाशी टांगलेल्या गिटारी बघायला गेला, तशी दारात उभी असलेली वहिनी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "ताई, हात आता एवढाच राहणार, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ह्यांनाही ठाऊक आहे ते. द्या त्यांना हवी तशी करून. नुसती भिंतीवर टांगली तरी समाधान."

ठकीला ते काही केल्या पटेना. ती सरळ दादाकडे गेली.

"मी उलटी करते. उजव्याने तारा दाबायच्या. डाव्या मुठीत तारा छेडायची पिक बसेल, ती मूठ खालीवर हलते तुझी."

दादाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "आयुष्यभर वाजवलं, आता पुन्हा बाराखडी गिरवू? लोक हसतील."

"लोकांना बोलावतंय कोण?"

"तुला जमत नसेल तर तसं सांग," तो म्हणाला आणि काठी उचलून चालू पडला. वहिनी त्याच्या मागे धावली.

पुढे बरेच दिवस फोन नाही की निरोप नाही. ठकी दुसऱ्यांची कामं करत राहिली, पण रंधा मारता मारता हात थांबायचा. काय बिघडलं असतं त्याच्या मनासारखी करून दिली असती तर?

मग एका दुपारी दादा एकटाच आला. स्टुलावर बसला आणि रॅकवरची एक तयार मान त्याने उजव्या हातात घेतली. ती ठेवून दुसरी घेतली. अंगठा कुठे टेकवायचा, हेच त्या हाताला कळत नव्हतं.

"ढ आहे हा हात," तो म्हणाला.

"शिकेल."

"कुणाकडे?"

"तुझ्याकडे. दुसरं कोण शिकवणार त्याला?"

दादाने मानेवर अंगठा इकडेतिकडे टेकवून पाहिला. "ही बारीक बरी वाटते," तो शेवटी म्हणाला. "आता लाकडाचं बोल."

ठकीने पुन्हा फळ्या काढल्या. "महॉगनी हलकी, पण एवढी बारीक केली तर तारांच्या ओढीने वाकेल. आत सळई असते, पण सगळी भिस्त तिच्यावर टाकून चालत नाही. मेपल वाकणार नाही, पण जड. तुझ्या डाव्या हाताला गिटार दाबून धरता येणार नाही. मान खाली झुकेल आणि उजवा हात वाजवायचं सोडून तिलाच सावरत बसेल."

"अक्रोड?"

"ह्या फळीच्या रेषा तिरक्या गेल्यात. पुढेमागे पिळेल. मी म्हणते, दोन्ही बाजूंना महॉगनी आणि मधोमध मेपलची पातळ पट्टी."

"ठिगळ लावणार?"

"ठिगळ नाही रे. कणा."

दादाने महॉगनीवर टिचकी मारली, मग मेपलवर. "कर," तो म्हणाला.

मान अर्धी घासून झाली तेव्हा तिने त्याला बोलावलं. त्याने उजवा अंगठा फिरवला. "इथे जाड राहिलीय."

ठकीने मोजून पाहिलं. "नाही दादा. सारखी आहे."

त्याने पुन्हा अंगठा फिरवला, सावकाश. "असेल," तो म्हणाला. त्या दिवशी तो लवकर घरी गेला, पण पुढच्या आठवड्यात न बोलावता आला.

गिटार तयार झाली. मांडीवर घेऊन त्याने पहिला सूर छेडला, तर नुसती खरखर.

"तार फार खाली बसलीय, मानेला घासतेय."

ठकीने वाकून बघितलं. "तार बरोबर आहे."

"मग बोट."

"बोट."

त्याने गिटार पेटीत ठेवली आणि तो घरी घेऊन गेला. ती भिंतीवर जाणार, अशी धाकधूक ठकीच्या मनात राहिलीच.

महिन्याभराने सकाळीच वहिनीचा फोन आला. "ताई, ह्यांच्या बोटांना फोड आलेत. चहाचा कप धरवत नाही, तरी ते काही गिटार खाली ठेवत नाहीत. एखादं मलम सांगा ना."

मागून दादा ओरडला, "मलमबिलम काही नको! कातडी घट्ट होऊ दे."

मग गिटार ऐकू आली. एक सूर, थोडं थांबून दुसरा. तिसऱ्याला खरखर.

"ताई, ऐकताय ना?"

"ऐकतेय," ठकी म्हणाली आणि भुसा न झटकताच स्टुलावर बसली. तिकडे दादाने स्वतःलाच एक शिवी हासडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.