जबड्यात तुटला

"साहेब, हे तुम्ही खोटं लिहिलंय."

चाचणी खोलीतल्या बाईने रजिस्टर साहेबांच्या टेबलावर आपटलंच म्हणा. अकरा वर्षं ती त्या यंत्रावर होती. धाग्याची दोन टोकं दोन जबड्यांत धरायची, तुटेपर्यंत ताणायचा, आकडा लिहायचा. अकरा वर्षांत तिने कधी 'ब्र' काढला नव्हता.

हा नवा धागा रंग बदलणारा. उंचावर काम करणाऱ्यांसाठी त्याचे पट्टे विणून तयार होते, फक्त माल पास व्हायचा होता. पट्टा थकला की हिरव्याचा लाल होणार, लाल दिसला की माणसाने खाली उतरायचं. कोरा धागा शहाण्यासारखा लाल व्हायचा. पण बाईने वीस वेळा धुतलेले तीस धागे ताणले, तेव्हा नऊ हिरवेगार असतानाच तुटले.

आज रजिस्टरात त्या नऊ धाग्यांपुढे साहेबांच्या अक्षरात एकच शेरा होता: 'जबड्यात तुटला'. यंत्राच्या पकडीने कापला गेलेला धागा हिशेबात धरत नाहीत. नऊ वगळले. माल पास.

"नियम माहीत आहे ना बाई तुम्हाला?"

"पाठ आहे. म्हणून तर विचारतेय. माझं यंत्र नेमकं हिरव्यालाच चावतं? लाल झालेल्याला एकदाही नाही?"

"उगाच संशय नको."

"नुसता संशय नाहीये." तिने सोबत आणलेलं पाकीट टेबलावर उपडं केलं. नऊ धागे, अठरा तुकडे. "पट्टी लावून मोजा. सगळे मधोमध तुटलेत, जबड्यापाशी एकही नाही."

साहेबांनी उठून दार लोटलं. आवाज एकदम मऊ. "तुमच्या दिराला काचा पुसायच्या कामावर कोणी लावलं? मीच ना?"

"तुम्हीच. तेव्हा देवमाणूस वाटलात. सोमवारी तो हाच पट्टा बांधून अठराव्या मजल्यावर लटकणार आहे. काल जेवताना म्हणाला, 'वहिनी, तू तपासलेला पट्टा, मला कसली भीती!'"

"सही करा. बाकी वरचे बघतील."

"वरचे म्हणजे कोण? अठराव्या मजल्यावरचे?"

साहेबांनी पेन पुढे सरकवलं. तिने ते उचललं, सहीच्या रकान्यावर आडवी रेघ मारली, पेन परत साहेबांच्या हातात दिलं. मग न विचारता समोरची खुर्ची ओढून बसली.

"'वरचे' म्हणालात, म्हणजे हा शेरा तुमच्या एकट्याच्या डोक्यातला नाही. कोणी लिहायला लावला? नाव लिहा. तोंडी नको मला, साहेब. लिहून द्या."