सहा नंबरचं अंडं

डॉक्टरीणबाईंनी सुनेला रोज दोन अंडी खायला सांगितली आणि सासूबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की चौथ्या दिवशी परसात पाच कोंबड्या हजर. दुकानातल्या अंड्यांना म्हणे शिळा वास येतो. कपड्यांचं जुनं कपाट आडवं पाडून त्याचं खुराडं झालं, आणि त्याला जाळी ठोकायचं फर्मान लाईनमन मुलाला सुटलं.

"दोन अंड्यांसाठी पाच कोंबड्या, आई?" तो कुरकुरला.

"तू खांबावर चढायचं बघ. मला अक्कल शिकवू नकोस."

सून पलंगावरून हसली. बऱ्याच महिन्यांनी त्या घरात कुणीतरी मोठ्याने हसलं होतं. तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यातच गेलं होतं. या खेपेला सहावा सरला होता, पण तिला शक्यतो पडूनच राहायला सांगितलं होतं. मग शिवणाचं मशीन झाकून ती परसदाराजवळच्या पलंगावर आडवी व्हायची आणि दिवसभर कोंबड्यांचं राजकारण बघायची. कोण कुणाला टोचते, कोण आधी खाते, कोण कुणाच्या वाटेतून मुकाट्याने बाजूला होते, हे तिला आठवड्याभरात तोंडपाठ झालं.

सगळ्यांत वरचढ होती ती काळी. चालता चालता थांबायची, मान तिरकी करून एका डोळ्याने माणसाला न्याहाळायची आणि निकाल लावल्यासारखी पुढे जायची. सुनेने तिचं नाव मास्तरीण ठेवलं.

महिन्याभराने मास्तरीण खुडूक झाली, उबवायला अंडी मागू लागली. अंगाचा फुगा करून भुशात बसून राहिली, हात लावायला गेलं की गुरगुरायची. सासूबाई खूश झाल्या. शेजारच्या सुताराचा कोंबडा भिंत ओलांडून येऊन आपलं काम करून जात होताच. त्यांनी बारा अंडी निवडली. दुसऱ्या कोंबड्यांची ताजी अंडी त्यांत मिसळू नयेत म्हणून सुनेने प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर घातला आणि बाराच्या बारा मास्तरणीच्या पोटाखाली गेली.

तिसऱ्या दिवशी चार नंबरचं अंडं बाहेर पडलेलं दिसलं. सासूबाईंनी परत आत सरकवलं. संध्याकाळी ते पुन्हा बाहेर. त्यांनी ते परसाच्या टोकाला नेऊन फोडलं आणि नाकाला पदर लावून परतल्या. मग नऊ नंबर, मग अकरा. तीच गत. मास्तरीण चोच अंड्याखाली घालायची, दोनदा ढकलायची आणि त्याच्याकडे पाठ करून बसायची. त्यानंतर त्या अंड्याकडे ढुंकूनही बघायची नाही.

"नापास केलं की केलं," सून म्हणाली.

"तिला कळतं सगळं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या उभ्या आयुष्यात इतकी अचूक कोंबडी बघितली नाही."

आठव्या दिवशी सहा नंबर बाहेर आलं. दिसायला छान, गुलबट, जड. सासूबाईंनी ते अंधाऱ्या कोठीच्या खोलीत नेऊन टॉर्चवर धरलं. आत शिरांचं जाळं असायला हवं होतं. त्या जागी नुसतं रक्ताचं एक कडं होतं. आतलं मेलं होतं; अंडं त्यांनी तिथेच कोठीत ठेवून दिलं.

बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते, खाऊन-पिऊन परत जाते. मास्तरीण बाराच्या सुमारास उठायची. पण परत जाण्याआधी तिने एक नवीनच खोड लावून घेतली होती. ती घरात यायची, पलंगावर चढायची आणि सुनेच्या पोटाला टेकून पाच मिनिटं बसायची. पोटावर तो ऊबदार भार आला की आतलं बाळ हलायचं. पहिल्या दिवशी सून दचकली. नंतर मात्र ती बाराची वाटच बघू लागली. रोज पास होत असल्यासारखं तिला वाटायचं, आणि हे कुणाला सांगायची तिला लाज वाटायची.

नवव्या दिवशी सासूबाई पलंगावर तिच्या शेजारी बसून मटार सोलत होत्या. मास्तरीण आली आणि दोघींच्या मधल्या जागेत बसली. सुनेने डोळे मिटले. थोड्या वेळाने पोटाला एक दाब बसला. मग दुसरा. तिने डोळे उघडले तेव्हा मास्तरीण पलंगावरून उतरली होती. मागे वळूनही न बघता ती दाराबाहेर गेली.

सासूबाईंचा हात मटारात तसाच राहिला होता. चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता.

"आई, तिने ढकललं."

"कोंबडी आहे ती. तिला काय कळतंय?"

"कालपर्यंत तर तिला सगळं कळत होतं."

सासूबाई मटार तिथेच टाकून आत गेल्या.

नवऱ्याने सुट्टी टाकून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाळाचे ठोके खणखणीत होते. तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकले आणि तरी तिचा विश्वास बसेना. मागच्या वेळीही ठोके चांगलेच होते की! तिने जेवण सोडलं. झोप तर केव्हाच गेली होती. मास्तरीण आता घरात येत नव्हती. बाराला उंबऱ्यापर्यंत यायची, मान तिरकी करून पलंगाकडे बघायची आणि परत फिरायची. सून तोंड भिंतीकडे करून घ्यायची, तरी पाठीवर तो डोळा तिला जाणवायचा.

तीन दिवसांनी तिने सहा नंबर मागून घेतलं.

"ते मेलंय गं," सासूबाई म्हणाल्या. "मी बघितलंय."

"मी उबवणार. ते जगलं तर तिचं चुकलं. एकदा चुकली तर दुसऱ्यांदाही चुकू शकते."

कापूस घातलेला खोका आला, नवऱ्याने त्यावर दिवा जोडून दिला, शेजारी पाण्याची वाटी ठेवली. अंडं दिवसातून तीनदा फिरवायचं काम सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. तुला उठबस नको म्हणाल्या.

मास्तरीण बसल्यापासून एकविसाव्या दिवशी दुपारी खोक्यात टकटक झाली. सून उशीचा आधार घेऊन उठली. सहा या आकड्याच्या शेजारी कवचाला बारीक भोक पडलं होतं आणि आत काहीतरी श्वास घेत होतं. संध्याकाळपर्यंत ओलं, लटपटतं, पिवळं पिल्लू बाहेर आलं. ती हमसून हमसून रडली आणि मग ताट भरून जेवली. मास्तरणीच्या खाली सात पिल्लं निघाली. आठ अंडी उरली होती ना, असं नवऱ्याने विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, एक फुटलं.

पंधरा दिवसांनी मुलगी झाली. दिवस जरा आधीच भरले, पण पोर ठणठणीत, आवाज तर असा की सुतार रंधा थांबवून ऐकायचा. मास्तरणीचं चुकलं होतं. सुनेने सहा नंबरचं कवच एका डबीत कापसावर जपून ठेवलं.

मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हा एका सकाळी सुनेने तिला गंमत दाखवायला ती डबी उघडली. कवच खिडकीतल्या उन्हात धरलं. सहाच्या खाली काहीतरी खोडलेलं होतं. तिने डोळ्यांजवळ नेलं. आठ. तिच्या स्वतःच्या हातचा आठ. आणि वरचा सहा थरथरत्या हाताने काढलेला.

तिने आधी पलंगावरच्या बाळाच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत होती. तरी तिने हात काढला नाही.

"आई," तिने हाक मारली. सासूबाई आल्या. तिने कवच पुढे केलं. "सहा नंबर कुठे आहे?"

सासूबाईंनी कवचाकडे बघितलं आणि पलंगावर, बाळाच्या पलीकडे बसल्या. "पुरलं मी. दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे तिचं चुकलं नव्हतं." तिने बाळाकडे बघितलं. "मग माझी मुलगी?"

"तुला त्या दिवशी चोच लागली होती का?"

ती आठवू लागली. दाब बसला होता, हे खरं. पण टोचलं नव्हतं. मऊ होतं ते. पिसं होती. शेपटीकडची पिसं.

"तोंड माझ्याकडे होतं तिचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेचा हात धरून स्वतःच्या डाव्या कुशीवर, बरगडीच्या खाली ठेवला. तिथे कातडीखाली काहीतरी कठीण, गोल, हाताला न हलणारं होतं. "दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना लागलं. जिथे चोच लागली, बरोबर तिथेच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विश्वास ठेवला असतास? म्हणाली असतीस, आई समजूत घालतायत. तुला अंडंच दाखवायला हवं होतं. आणि खरं सांगू का, मलाही खात्री नव्हती. दोघींच्या मधे बसली होती ना ती. मी आपलं म्हणत राहिले, माझंच असू दे, माझंच असू दे."

सून त्यांच्या कुशीवरचा हात तसाच ठेवून बसली. तिला या बाईवर संताप आला होता आणि तिला मिठी मारावीशी वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

"डॉक्टरीणबाईंना दाखवलंय," सासूबाई म्हणाल्या. "बुधवारी कापून काढणार. कशाचं आहे ते मग कळेल. त्या म्हणतात, साधंही असू शकतं."

तेवढ्यात उंबऱ्यावर नखं वाजली. मास्तरीण उभी होती. चार महिन्यांत तिने उंबरा ओलांडला नव्हता. तिने मान तिरकी केली, पलंगावरच्या तिघींना एकेक करून न्याहाळलं आणि एक पाय आत टाकला.

दोघी एकदमच उठल्या. सुनेने मास्तरणीला पायाने बाहेर लोटलं, सासूबाईंनी दार लावलं, दोघींनी मिळून कडी घातली आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

बाहेरून दारावर चोच वाजत राहिली. दोघींपैकी कुणी हललं नाही. पलंगावरच्या बाळाने मात्र आवाजाकडे मान वळवली आणि ते हसलं.