साठ ग्रॅम

काचघरात सगळे तिला कसाईणबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सहाशे रोपं तिनं तहानेनं मारायला ठेवली होती. चाळीस दिवस पाण्याचा थेंब नाही. उन्हाळे पूर्वीसारखे राहिले नव्हते. यातून जी तगतील, त्यांचीच कलमं जळक्या डोंगरावर लागणार होती. निवड उद्यावर आली होती.

रोजच्यासारखी तिनं एक कुंडी काट्यावर ठेवली आणि तिचं डोकंच फिरलं. कालपेक्षा साठ ग्रॅम जास्त! पाण्यावाचून कुंडी जड होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पुढचीही जड. तिच्या पुढचीही.

जेवणाच्या सुट्टीत ती खताच्या पोत्यांमागे दबा धरून बसली. चोर आला तो लोखंडी झारी घेऊन, मांजराच्या पावलांनी. काचघराचा म्हातारा माळी, म्हणजे तिचा सख्खा बाप.

"अण्णा!" तिनं त्यांची गचांडी धरून त्यांना टेबलावर आदळलं. कुंड्या खाली पडून फुटल्या. "कुणाकुणाला पाजलंत?"

"माना टाकलेल्यांना. बघवत नाही गं. दादा सापडला तेव्हा त्याच्या बाटलीत थेंब नव्हता."

दादा, तिचा भाऊ, डोंगरावरचा वणवा विझवायला गेला होता. ते जंगल अण्णांनीच लावलेलं, पाणी घालघालून वाढवलेलं. पाणी बंद झालं आणि दोन उन्हाळ्यांत जंगलाचं सरपण झालं.

"तुमच्या लाडावलेल्या झाडांनीच जाळलं त्याला," ती म्हणाली.

हे बोलायला नको होतं. झारी तिच्या कपाळावर बसली. रक्त डोळ्यात उतरलं, तरी तिनं वजनांची वही त्यांच्या छातीवर फेकली. "जड झालेली सगळी उपटा! नाहीतर ती वाळतील, पेटतील, आणि विझवायला आणखी कुणाचा तरी मुलगा जाईल."

अण्णांनी एक रोप मुठीत धरून ओढलं. मुळं तटातट तुटली. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं, आणि मग त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. वही पायाखाली तुडवत, ओली-कोरडी न बघता ते दोन्ही हातांनी उपटत सुटले. ती आडवी आली तर तिला लाथ बसली. शेवटी तिनं उरलेल्या कुंड्यांवर अंगच टाकलं.

"ही नको, अण्णा! ही पाण्यावाचून जगलीत!"

त्यांचा हात वरच्या वर थांबला. "पाण्यावाचून?" ते मटकन खाली बसले. "मग तो का नाही गं जगला?"

कपाळातलं रक्त कुंडीतल्या मातीवर टपटपत होतं. तिनं पदरानं ते घाईघाईनं टिपून घेतलं. तेवढाही ओलावा चालणार नव्हता.