बबनरावांचं कपाट

मेडशीच्या आमच्या बंधुभाव मंडळाचा मी खजिनदार, म्हणून सगळं आधीच कबूल करून टाकतो. नियम एकच होता. दरेकाने महिन्याला वीस रुपये द्यायचे आणि सभासद वारला की त्याच्या घरी पाच हजार पोचवायचे. सव्वीस वर्षांत चौघे वारले. चौघांचीही वर्गणी थकलेली निघाली, त्यामुळे पैसा सुखरूप राहिला.

तो तसाच राहावा म्हणून आम्ही लोखंडी कपाट घेतलं. कपाट उघड्यावर कसं ठेवणार, म्हणून खोली बांधली. खोलीला वीज आली, विजेचं बिल आलं, उद्घाटनाचं जेवण झालं. हिशोबाच्या सभेलाही दरवर्षी जेवण असायचं, कारण उपाशीपोटी हिशोब कोण ऐकणार? शेवटी कपाटात वहीखेरीज काही उरलं नाही. कुलूप मात्र आम्ही दोनदा बदललं.

यंदा बबनराव गेले. त्यांची एकही वर्गणी थकलेली नव्हती आणि खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला. त्यांची बायको सोजरबाई पावत्यांची थप्पी घेऊन आली. मुलीची, निकिताची, नर्सिंगची फी शुक्रवारपर्यंत भरायची होती. अध्यक्ष प्रेमसिंगभाऊंनी तिला शाल-नारळ देऊ केला.

"शाल ठेवा तुमच्यापाशी," ती म्हणाली. "पैसे ज्याच्यात गेले थे कपाट द्या मले."

नाही म्हणायला तोंड कुणाला होतं? कपाट ट्रॅक्टरवरून तिच्या घरी गेलं, वहीसकट.

पण आम्ही आदर्श मंडळाच्या पुरस्कारासाठी अर्ज केला होता. गुरुवारी समिती येणार होती आणि वही मंडळाच्या कुलूपबंद कपाटात हवी, अशी अट होती. बुधवारी सगळी कार्यकारिणी सोजरबाईच्या दारात उभी राहिली.

"एक कप्पा भाड्यानं भेटन," ती म्हणाली. "अनामत पाच हजार."

बबनरावांसाठी ज्यांच्या खिशात दमडी नव्हती, त्यांनी पाच मिनिटांत पैसे काढले. मीही पाचशे दिले. निकिताची फी वेळेवर भरली गेली. आम्हाला पुरस्कार मिळाला.

आता रक्कम वहीत चढवायची होती. प्रेमसिंगभाऊंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "मदत नोको लिवू. उद्या दुसराबी मागन."

सव्वीस वर्षांत सभासदाच्या घरी पोचलेली ही पहिली रक्कम. वही सोजरबाईच्या घरी, त्यामुळे तिच्यासमोरच बसावं लागलं. तिनं चहा दिला. मी 'कपाट दुरुस्ती, पाच हजार' असं लिहिलं. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.