महाराज बोलतच राहतात

दत्तात्रय सोमण दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, आणि दिल्लीत सेक्शन ऑफिसरला कुत्रंही विचारत नाही. सकाळी फरीदाबादहून शटल गाडी पकडायची, दिवसभर फायली पुढे सरकवायच्या आणि संध्याकाळी त्याच शटलमध्ये उभ्याने परत यायचं. पण गणपतीत एक संध्याकाळ अशी यायची की करोल बागेतल्या मंडळाच्या हॉलमध्ये हाच माणूस जरीचा अंगरखा घालून उभा राहायचा आणि बड्या साहेबांच्या बायकासुद्धा त्याला 'महाराज' म्हणायच्या. त्या एका संध्याकाळवर ते उरलेलं वर्ष काढत.

नाटक होतं गॅसबत्तीच्या जमान्यातलं. गडाला वेढा पडलाय, दरवाजा उघडेल त्याला देहान्त अशी महाराजांची आज्ञा आहे, आणि पायथ्याच्या उपाशी गावकऱ्यांसाठी तो दरवाजा उघडतो कोण, तर खुद्द युवराज. शेवटच्या अंकात भर दरबारात बाप पोटच्या पोराला शिक्षा सुनावतो. पण त्याआधी महाराजांचं हे एवढं लांबलचक भाषण! दत्तात्रयराव ते असं ठणकावून म्हणत की 'वन्स मोअर' आलाच म्हणून समजा, आणि मंडळाच्या रिवाजाप्रमाणे ते भाषण मग पहिल्यापासून पुन्हा व्हायचं. युवराज बिचारा तोवर साखळदंडात ताटकळायचा.

यंदा मात्र हवा बदलली होती. घरोघरी केबल आलं होतं, माणसं नॉयडा-गुडगावच्या नव्या फ्लॅटांत पांगली होती. मंडळाचे सेक्रेटरी शशिकांत कर्वे यांनी तालमीच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "दत्तोपंत, वन्स मोअर आला तर पुढच्या वर्षी नाटक. नाहीतर ऑर्केस्ट्रा. पब्लिकला आता तेच हवंय यार." दत्तात्रयराव मनात हिशेब करू लागले. नाटक गेलं तर आयुष्यात उरणार काय? शटल आणि फायली.

त्यातच राणीचं काम करणाऱ्या कुमुदताई मुलाकडे बंगळूरला गेल्या आणि ते काम स्वानंदीकडे आलं. स्वानंदी म्हणजे दत्तात्रयरावांची एकुलती एक लेक, कॉलेजात नाटकांचा अभ्यास करणारी. राणीला अख्ख्या नाटकात दोनच वाक्यं होती, आणि तीही बापाने 'वेळ पुरत नाही' म्हणून कापून टाकली. खरं कारण वेगळं होतं. पोरीच्या मराठीला दिल्लीचं पाणी लागलं होतं, आणि पुण्याहून बदलून आलेली मंडळी हसतील याची त्यांना धास्ती होती. लेकीचा अभिमान होता हो, पण तो जरा झाकून ठेवलेला.

एका रविवारी घरातच तालीम चालली होती. त्यांची बायको प्रभाताई ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. दत्तात्रयरावांनी भाषण संपवलं आणि कौतुकाच्या आशेने लेकीकडे पाहिलं.

"बाबा, एक विचारू?" स्वानंदी म्हणाली. "महाराज इतकं बोलतात का?"

"का म्हणजे? राजा आहे तो!"

"अच्छा, पण शिक्षा तर एका वाक्यात देता येते. घेऊन जा याला, बस. गुन्हा युवराजाला मान्य आहे. कायदा सगळ्या दरबाराला माहीत आहे. मग हे समजावणं कुणासाठी?"

"प्रेक्षकांसाठी," प्रभाताई ओट्याजवळून म्हणाल्या. नवऱ्याला त्या पुरत्या ओळखून होत्या.

"नाही आई. बघ ना, ते तीनदा म्हणतात, 'म्हणून आज मी...' आणि तीनदा दुसरीकडे वळतात. एकदा आजोबांकडे, एकदा गडाकडे, एकदा देवाकडे. बाबा, त्यांना ते वाक्य बोलायचंच नाहीये. जोवर ते बोलतायत, तोवर त्यांचा मुलगा जिवंत आहे."

प्रभाताईंचं लाटणं थांबलं. दत्तात्रयराव मात्र भडकले. "ज्या जागांवर मी आजवर टाळ्या घेतल्या, त्या काय घाबरटपणाच्या जागा? चार पुस्तकं वाचलीस म्हणून बापाला शिकवतेस?"

"घाबरट नाही," ती शांतपणे म्हणाली. "बाप."

दत्तात्रयरावांनी रागारागाने तालीम तिथेच गुंडाळली. पण शटलमध्ये दांडीला लोंबकळत ते भाषण पुटपुटू लागले आणि त्या तीन जागा खड्यासारख्या लागायला लागल्या. पोरगी बरोबर बोलत होती! इतकी वर्षं आपण हे भाषण म्हणतोय आणि त्यात एकदाही युवराजाच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं. पाहत होतो ते हॉलकडे. शेजारच्या सरदारजींनी विचारलं, "तबीयत ठीक है, भाईसाहब?"

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल अर्धाच भरला होता. शेवटचा अंक आला. समोर साखळदंडात अंशुमन, फरीदाबादच्या कारखान्यातला तरुण इंजिनिअर, युवराजाच्या वेषात उभा. दत्तात्रयरावांनी प्रेक्षकांकडे चक्क पाठ केली आणि त्याच्या डोळ्यांत पाहत सुरुवात केली, "या गडाचा पहिला दगड माझ्या आजोबांनी बसवला..." आवाज चढवला नाही. तिन्ही जागांवर ते अडखळले आणि तिन्ही वेळा खरोखरच पळून गेले. भाषण संपलं. टाळी नाही, वन्स मोअर नाही. विंगेत शशिकांत कर्वे कपाळाला हात लावून उभे.

आता शिक्षा सुनावायची. दत्तात्रयरावांना वाक्य आठवत होतं, पण ते तोंडातून निघेना. समोरचं पोर त्यांच्याकडे टक लावून पाहत होतं. आणि मग, कुणीही मागितलेलं नसताना, ते म्हणाले, "या गडाचा पहिला दगड माझ्या आजोबांनी बसवला..."

प्रॉम्प्टर गडबडला. अंशुमनचा चेहरा पडला. हॉलमध्ये कुजबूज झाली, म्हातारा वाक्यं विसरला म्हणून. एका माणसाला मात्र कळलं काय चाललंय ते. सिंहासनाशेजारून राणी उठली. जिला नाटकात एकही वाक्य नव्हतं, ती महाराजांजवळ आली आणि त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "पुरे, महाराज. त्याला अजून किती उभं ठेवणार?"

दिल्लीचाच हेल होता. कुणी हसलं नाही. दत्तात्रयरावांनी लेकीकडे पाहिलं आणि त्यांचा ऊर असा भरून आला की वाक्य जेमतेम निघालं. "घेऊन जा याला."

पडदा पडला तरी लोक जागचे हलले नाहीत. शशिकांत कर्वे घाम पुसत रंगमंचावर आले. "दत्तोपंत, वाईट वाटून घेऊ नका, पण वन्स मोअर काही आला नाही."

"मागितला होता की," दत्तात्रयराव म्हणाले, आणि तेही पडद्यापलीकडच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा, त्यांच्या त्या जुन्या ठणठणीत आवाजात. "मीच मागितला होता. माझ्या लेकीने दिला नाही!"